‘छान आहे हो, पण कोण आहे?’ : पोर्ट्रेट काढण्याआधी डोळे, नाक, ओठ, कान यांचा सराव कसा करायचा

सासूबाईंच्या पंचाहत्तरीला मी त्यांचं पेन्सिलचं पोर्ट्रेट काढून, फ्रेम करून दिलं होतं. रात्री ओटा आवरला की तासभर बसायचं, असं करत तीन आठवडे काढलेलं. त्यांनी चष्मा पुसला, चित्र खिडकीशी नेऊन नीट बघितलं आणि म्हणाल्या, "छान आहे हो. कोण आहे?"

डोळे खरंच छान उतरले होते. नाकावर तर मी एक अख्खा रविवार घालवला होता. नंतर फोटो आणि चित्र शेजारी ठेवून पट्टीने मापं घेतली, तेव्हा कळलं की कुठलाच अवयव चुकलेला नव्हता. सासूबाईंचं नाक संपतं आणि वरचा ओठ सुरू होतो, त्यामधली जागा चांगली लांब आहे. मी सवयीने ती आखूड करून टाकली होती. तेवढ्यात बाई बदलली.

शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिलेल्या असल्यामुळे आपल्याला चित्र येतं असा माझा समज होता. पण त्या परीक्षांत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र असतं, चेहऱ्याचा वेगळा पेपर नसतो. उलट स्मरणचित्रात माणसं शक्यतो पाठमोरी काढायची, हीच आमची युक्ती! म्हणजे चेहरा टाळायचंच शिक्षण झालेलं. वीसेक वर्षांनी पुन्हा पेन्सिल हातात घेतल्यावर काय काय चुकलं आणि कशाने सुधारलं, ते क्रमाने सांगते.

आधी साहित्य

- एचबी, २बी, ४बी आणि ६बी अशा चार पेन्सिली (‘बी’चा आकडा वाढेल तशी पेन्सिल मऊ आणि गडद). चोवीस पेन्सिलींचा डबा घेऊ नका, त्यातल्या वीस तशाच राहतात.
- सरावाला पाठकोरे कागद, आणि आठवड्यातून एकदा नीट काढण्यासाठी कार्ट्रिज पेपर, म्हणजे चित्रकलेचा जाडसर कागद, किंवा ए४ स्केचबुक. अगदी गुळगुळीत कागदावर ६बी घसरते, धरत नाही.
- नेहमीचा खोडरबर आणि एक नीडेबल इरेझर, म्हणजे कणकेसारखा मळता येणारा. याने घासायचं नसतं, नुसतं टेकवून शिसं उचलायचं असतं. हा घ्याच.
- ड्रॉइंग बोर्ड किंवा प्लायचा तुकडा, आणि दोन क्लिपा.
- कटर आणि पॉलिश पेपरचा तुकडा. शार्पनरने टोक आखूड होतं. कटरने लाकूड तासून शिसं सेंटिमीटरभर उघडं ठेवलं तर पेन्सिल आडवी धरून छाया देता येते.
- एक विणायची सुई. मापं घ्यायला.
- हातात मावणारा आरसा. दाढीचा, मोठं दाखवणारा मिळाला तर उत्तम.
- एक टेबल लॅम्प.

पेपर स्टंप, म्हणजे शिसं पसरवायची कागदी कांडी, पहिले तीन महिने विकत घेऊ नका. बोटाने घासायचाही मोह टाळा. घासलं की चित्र गुळगुळीत दिसतं, आपण खूश होतो, आणि आकार कुठे चुकलाय ते त्या धुरात लपून जातं.

बोर्डबद्दल एक गोष्ट मला फार उशिरा कळली. कागद टेबलावर सपाट ठेवून, वरून वाकून काढलं की चेहरा लांबुळका होतो, कारण कागदाचा वरचा भाग आपल्याला आक्रसलेला दिसत असतो. आपण तो नकळत ताणून काढतो, आणि कागद उभा धरला की कपाळ वीतभर. बोर्ड मांडीवर ठेवून टेबलाच्या कडेला टेकवा. नजर कागदावर काटकोनात पडली पाहिजे.

१. अवयवांआधी डोकं

डोळे, नाक, ओठ यांचा सुटा सराव करायचाच आहे, पण ते कुठे बसतात हे माहीत नसेल तर सुटे भाग सुटेच राहतात. म्हणून पहिला आठवडा फक्त जागा पाठ करण्यात घालवा.

एक उभट अंडं काढा, टोक खाली. बरोबर मध्यावर आडवी रेघ मारा. ही डोळ्यांची रेघ. बहुतेकांचा इथे विश्वास बसत नाही. आपल्याला वाटतं डोळे बरेच वर असतात, कारण माणसाशी बोलताना आपण भुवयांपासून हनुवटीपर्यंतच बघतो, वरची कवटी आणि केस हिशेबात धरत नाही. आरशासमोर उभे राहा, सुई डोळ्यांवर आडवी धरा, टाळूपासून डोळे आणि डोळ्यांपासून हनुवटी मोजा. साधारण सारखंच भरतं. लहान मुलांचे डोळे तर मध्याच्याही खाली असतात. मुलाचं चित्र काढताना ते वर सरकले की मूल एकदम पोक्त दिसायला लागतं.

आता पुढच्या खुणा. केस सुरू होतात तिथपासून भुवया, भुवयांपासून नाकाचा तळ, नाकाच्या तळापासून हनुवटी, हे तीन भाग ढोबळमानाने सारखे. नाकाचा तळ ते हनुवटी या अंतराचे तीन भाग केले तर पहिला भाग संपतो तिथे ओठांची फट. रुंदीत पाच डोळे मावतात. दोन डोळ्यांच्या मध्ये एक डोळा, आणि बाहेरच्या बाजूंना एकेक. नाकपुडीच्या कडेतून उभी रेघ वर नेली तर ती डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याला लागते. कान भुवई आणि नाकाचा तळ यांच्यामध्ये.

ही प्रमाणं म्हणजे शिंप्याकडचा तयार मापाचा सदरा. कुणालाच तंतोतंत बसत नाही. मग पाठ का करायची? समोरचा माणूस त्यापासून किती आणि कुठे हटलाय ते दिसावं म्हणून. सासूबाईंच्या बाबतीत मी नेमकं उलट केलं, त्यांना ओढूनताणून त्या सदऱ्यात बसवलं.

समोरून डोकं जमलं की तिरपं, वर बघणारं, खाली बघणारं काढा. इथे अंडं पुरत नाही. एक गोळा, त्याच्या दोन्ही बाजू कापून सपाट केलेल्या, आणि खाली जबडा जोडलेला, अशा रीतीने बांधणी करायची. अमेरिकन चित्रकार अँड्र्यू लूमिस यांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते, आणि ‘लूमिस हेड’ म्हणून शोधलंत तर शेकडो व्हिडिओ मिळतील. दोन-तीन बघा आणि थांबा. व्हिडिओ बघण्याला सराव म्हणत नाहीत. मी मात्र वर्षभर म्हणत होते.

२. डोळा

सगळ्यांना सगळ्यात आधी डोळाच काढायचा असतो. काढा. पण आधी पेन्सिल खाली ठेवा.

एक डोळा मिटा. मिटलेल्या पापणीवर बोट अलगद टेकवा आणि पापणीआडचा डोळा डावीउजवीकडे फिरवा. बोटाखाली गोळा फिरतो, आणि त्या गोळ्यावर आणखी एक छोटा फुगवटा सरकताना जाणवतो. तो फुगवटा बुबुळाच्या पुढचा. डोळा काढायचा म्हणजे हा गोळा काढायचा, त्यावर पापण्या पांघरायच्या. पण आपण बदाम काढतो, त्यात वर्तुळ, वर्तुळात ठिपका. कवींनी मीनाक्षी म्हणून ठेवलंय म्हणून आपणही मासोळीच काढतो. गणपतीच्या मूर्तीची आखणी करणारे कारागीर असा कमळाच्या पाकळीसारखा डोळा काढतात आणि त्यात मूर्ती जिवंत होते, पण ते देवाचे डोळे आहेत. पोर्ट्रेटमध्ये समोर बसलाय तो वसंतकाका.

आता आरसा जवळ घ्या आणि या गोष्टी स्वतःच्या डोळ्यात शोधा.

वरची पापणी बुबुळाचा वरचा भाग झाकते. बुबुळ पूर्ण गोल दिसलं की माणूस घाबरलेला किंवा दचकलेला दिसतो. नवशिक्यांच्या चित्रातली माणसं कायम भूत बघितल्यासारखी दिसतात, ती यामुळेच.

वरच्या पापणीच्या कमानीचा सर्वात उंच बिंदू मध्यावर नसतो, तो सहसा नाकाकडे सरकलेला असतो. खालच्या पापणीचा सर्वात खोल बिंदू बाहेरच्या बाजूला असतो. त्यामुळे डोळा थोडा कललेल्या चौकोनासारखा दिसतो. हा कल चुकला की डोळा तिथे चिकटवल्यासारखा दिसतो.

पापणीला जाडी असते. खालच्या पापणीची कड नीट बघा, एक बारीक ओलसर पट्टी उजेड पकडते. पापणीचे केस त्या पट्टीच्या बाहेरच्या कडेतून येतात, डोळ्याच्या पांढऱ्याला लागून नाही. ही पट्टी आजूबाजूपेक्षा उजळ ठेवली तर डोळा एका क्षणात खोल होतो.

आणि पांढरा भाग पांढरा नसतो. वरच्या पापणीची सावली त्यावर पडलेली असते, आणि तो गोळ्याचाच भाग असल्यामुळे दोन्ही कोपऱ्यांकडे गडद होत जातो. एचबीने हलकी छाया द्या. कोरा कागद फक्त एकाच जागी सोडायचा, बुबुळावरच्या चमकेत. दोन्ही डोळ्यांत ती एकाच बाजूला असते, कारण खिडकी एकच आहे.

सराव असा करा: डोळा कागदावर सहा ते आठ सेंटिमीटर रुंद काढा. छोटा काढला की चुका दिसत नाहीत. पहिले दहा डोळे फक्त रेषांत, सरळ तुकड्यांत. वळणदार रेघ एका दमात मारू नका. कमान तीन सरळ रेघांत तोडा, कोन बघा, मग वळण द्या. पुढचे दहा डोळे छायेसह. त्यानंतर तिरपा डोळा, बाजूने दिसणारा डोळा, आणि शेवटी चष्म्यामागचा डोळा. चष्म्यात आधी डोळा पूर्ण काढायचा, फ्रेम नंतर.

पापणीचे केस शेवटी, मोजकेच, आणि पापणीशी जाड व टोकाशी बारीक. कंगव्याच्या दातांसारखे सारख्या अंतरावर काढले तर प्लास्टिकची बाहुली तयार होते.

भुवई वेगळी शिकायची गरज नाही. आधी एका करड्या पट्ट्याने तिचा आकार भरा. मग केस द्या, नाकाजवळ वर जाणारे आणि पुढे बाहेरच्या बाजूला झुकणारे. भुवई हाडाच्या कंगोऱ्यावर बसलेली असते, त्यामुळे वळणाच्या पुढे ती चेहऱ्याच्या बाजूच्या उतारावर जाते आणि तिथला टोन, म्हणजे छायेचा गडद-फिकेपणा, बदलतो. एवढं केलं तरी खूप.

३. नाक

नाकाला बाह्यरेषा नसते. समोरून बघताना तर नाहीच. तरी आपण दोन उभ्या रेघा ओढतो आणि खाली दोन काळे ठिपके देतो. भिंतीवरचं प्लगचं सॉकेट तयार.

नाकाची दांडी चिमटीत धरा. वरचा अर्धा भाग कडक, हाडाचा. खालचा हलतो, तो कूर्चेचा. हे दोन भाग जिथे मिळतात तिथे पुष्कळांच्या नाकाला बारीक उंचवटा असतो, दांडी तिथे किंचित रुंद होते. धारदार नाकाच्या माणसात ही जागा सापडली की निम्मं नाक सापडलं.

सरावासाठी नाक म्हणजे एक काडेपेटी समजा, चेहऱ्यावर तिरपी टेकवलेली. तिला चार बाजू: वरची दांडी, दोन उतार आणि तळ. लॅम्प एका बाजूला वर ठेवा. दांडी उजळ, एक उतार मध्यम, दुसरा गडद, तळ सर्वात गडद. या चार बाजू चार सपाट टोनमध्ये भरून दहा नाकं काढा, एकही वळण नको. मग त्या काडेपेटीच्या टोकाला एक गोळा, शेंड्याचा, आणि दोन्ही बाजूंना दोन छोटे गोळे, नाकपुड्यांचे. बस. बाकी सगळं या तीन गोळ्यांमधली देवाणघेवाण आहे.

नाकपुडीचं भोक कधीच एकसारखं काळं भरू नका. त्याची वरची कड ठळक असते, खालची कड ओठाकडे विरत जाते. ६बी पेन्सिल इथे हातात घेऊच नका, ४बी पुरते.

नथ काढायची असेल तर आधी तिच्याखालची नाकपुडी पूर्ण काढा. मोती काढण्याच्या नादात नाकपुडी राहून जाते आणि नथ गालावर तरंगते. मी लग्नाच्या फोटोवरून काढलेल्या पहिल्या तीन चित्रांत हेच झालंय.

४. ओठ

ओठांची सर्वात महत्त्वाची रेघ मधली, दोन ओठ मिटतात तिची. माणूस हसतोय, रुसलाय, की नुसता बसलाय, हे ती ठरवते. बाहेरच्या कडा दुय्यम. गंमत अशी की आपण आधी बाहेरची कड काढतो, तीही लिपस्टिकच्या जाहिरातीसारखी ठळक, आणि मग मधे एक रेघ मारून मोकळे होतो.

मधली रेघ एकसारख्या जाडीची नसते. मध्यावर आणि दोन्ही कोपऱ्यांत गडद, त्यांच्या दरम्यान जवळपास नाहीशी. कोपरा म्हणजे बिंदू नसतो, ती छोटी खळगी असते आणि तिथे मऊ सावली हवी.

वरचा ओठ खाली वळलेला असतो, म्हणून वरून उजेड असताना तो गडद. खालचा ओठ वर वळलेला, म्हणून उजळ. त्याच्या खाली हनुवटीच्या वर एक सावली पडते. पुष्कळदा खालच्या ओठाची कड काढायचीच नसते, ही सावली दिली की ओठ आपोआप पुढे येतो. पेढा ताटलीवर दिसतो कशामुळे? खालच्या सावलीमुळे, तसंच.

ओठ दातांच्या कमानीवर ताणलेले असतात. म्हणून तिरप्या चेहऱ्यात पलीकडचा अर्धा ओठ अलीकडच्यापेक्षा बराच आखूड दिसतो. एखाद्या वाटीवर ओठ काढून ती फिरवून बघा, लगेच पटेल. दात दिसत असतील तर प्रत्येक दातामधली रेघ काढू नका. मक्याचं कणीस होतं. हिरडीजवळचे कोपरे आणि दातांच्या रांगेची खालची कड, एवढ्याच खुणा. दात कोपऱ्यांकडे जाताना अंधारात जातात, हे मात्र दाखवा.

मिशा असतील तर आधी वरचा ओठ काढा, मग त्यावर मिशांचा एक गडद पुंजका, मग कडेचे चार केस.

५. कान

कान अवघड वाटतो, पण सगळ्यात कमी वेळ त्याला द्यावा. बाहेरची गुंडाळलेली कड, तिच्या आत इंग्रजी ‘वाय’सारखा उंचवटा, मधली खोलगट वाटी, तिच्या तोंडाशी छोटा उंचवटा आणि खाली पाळी. पाच भाग. पंधरा-वीस कान काढले की हात बसतो.

कानाची खरी किंमत जागेत आहे. माणूस खाली बघतो तेव्हा कान डोळ्यांच्या मानाने वर गेलेले दिसतात, वर बघतो तेव्हा खाली येतात. डोकं कललेलं आहे हे नाकडोळ्यांपेक्षा कान जास्त नेमकं सांगतात. बाजूने बघताना कान डोक्याच्या मध्यावरून थोडा मागे असतो. नवशिके तो गालावर आणून ठेवतात.

६. आता अंतरं

इथवर आलात की तुमच्याकडे शेसव्वाशे डोळे, नाकं, ओठ जमा झालेले असतील आणि पूर्ण चेहरा तरीही कुणा तिसऱ्याचाच येईल. घाबरू नका, हे होतंच. साम्य अवयवात फार थोडं असतं, बाकीचं सगळं दोन अवयवांच्या मधल्या कोऱ्या जागेत.

पूर्ण चेहरा काढताना पहिली पंधरा मिनिटं एकही अवयव काढू नका. फक्त खुणा करा. विणायची सुई हात पूर्ण ताठ करून, एक डोळा मिटून धरा. कोपर वाकलं की माप बदललं. एका डोळ्याची रुंदी हे एकक घ्या आणि विचारत जा: नाक आणि ओठ यांच्यामधली जागा या एककाच्या किती? भुवई आणि वरची पापणी यांच्यातली? खालचा ओठ ते हनुवटी? मग सुई उभी धरा, लंबासारखी. डोळ्याच्या कोपऱ्यातून ती खाली ओठाला कुठे लागते? मग तिरपी: डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून नाकाच्या शेंड्यापर्यंतचा कल कागदावर तसाच आहे का?

नंतर रिकाम्या जागांचे आकार बघा. भुवई, डोळा आणि नाकाची दांडी यांच्यामध्ये एक तिकोनी जागा असते. ती जागाच काढायची आहे असं समजून तिचा आकार नीट काढा, डोळा आपसूक जागेवर बसतो.

तपासायचे स्वस्त उपाय तीन. चित्र आरशात बघा. उलटं करून बघा. मोबाइलवर फोटो काढून अगदी लहान करून बघा. तिरपा झालेला डोळा लगेच ओरडून सांगतो.

चौकोन आखून, म्हणजे ग्रिड टाकून, काढायचं की नाही यावर लोक तावातावाने भांडतात. ऑर्डरचं काम असेल, वेळ कमी असेल, तर बिनदिक्कत टाका. शिकताना नको. ग्रिड तुमच्या वतीने अंतरं मोजते, आणि आपल्याला नेमकं तेच शिकायचंय.

७. उजेड, सावली आणि आपला रंग

एकच दिवा, एका बाजूला, डोक्याच्या थोडा वर. ट्यूबलाइटखाली चेहरा सपाट होतो. डोळे बारीक करून बघा. बारीकसारीक तपशील जातात आणि उजेडाचा एक व सावलीचा एक असे दोनच मोठे तुकडे उरतात. आधी त्या दोघांची सीमारेषा आखा, सावलीचा तुकडा एका सपाट टोनने भरा. इथे डोळा, नाक, गाल असे वेगळे नसतात. डोळ्याची खोबण, नाकाचा उतार आणि गालाची सावली पुष्कळदा एकच सलग आकार असतो. तो तोडायचा नाही.

उजेडाची दिशा बदलली की वर सांगितलेले सगळे नियम फिरतात. सा. ल. हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ हे हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं जलरंगातलं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. तिथे चेहऱ्यावर उजेड खालून, दिव्याकडून येतो. त्याच्या छापील प्रती सहज मिळतात. टॉर्च हनुवटीखाली धरून आरशात बघा, मग ते चित्र बघा.

आणि एक गोष्ट, जी परदेशी व्हिडिओंमध्ये सहसा कुणी सांगत नाही, कारण त्यांच्यापुढे बसलेली माणसं बहुधा गोरी असतात. ते कोरा कागद म्हणजे त्वचेचा उजेड धरतात आणि फक्त सावल्या देतात. सावळ्या माणसाचं चित्र असं काढलं की तो एकतर गोरा होतो किंवा मळकट. आपल्याकडच्या बहुतेक चेहऱ्यांत सगळ्या त्वचेला आधी एक मध्यम टोन द्यायला हवा, २बी आडवी धरून, सारख्या हाताने. कोरा कागद राखायचा तो कपाळ, नाकाचा शेंडा, गालाचं हाड यांवरच्या नेमक्या चमकेसाठी. सावळ्या त्वचेवर ही चमक छोटी आणि स्पष्ट असते. डोळ्याचा पांढरा भाग सावळ्या चेहऱ्यात जास्त उजळ भासतो म्हणून तो अगदी कोरा ठेवायचा मोह होतो. ठेवू नका, वरचं वाचा. वरचा ओठ कित्येकदा त्वचेपेक्षा गडद असतो आणि खालचा उजळ. डोळ्यांभोवतीची त्वचाही जात्याच गडद असते, ती सावली समजून डोळे खोल खोदू नका.

८. फोटो की माणूस?

दोन्ही. पण सेल्फीवरून काढू नका. मोबाइल हातभर अंतरावर असला की नाक फुगतं, कान मागे पळतात, आणि तुम्ही अंतरं कितीही इमानदारीने मोजली तरी चुकीच्याच गोष्टीची मोजता. फोटो दीड-दोन मीटरवरून काढा आणि झूम करा. फ्लॅश बंद. ब्यूटी फिल्टर तर आवर्जून बंद, तो नेमक्या हव्या त्याच कडा पुसतो.

जमलं तर मोठ्यांची चित्रं प्रत्यक्ष बघा. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी काढलेली बालगंधर्वांची दोन तैलचित्रं आहेत, एक पुरुषवेशातलं, एक स्त्रीभूमिकेतलं. नाटकाचं तिकीट काढलंत तर मध्यंतरात वडा नंतर खा, आधी त्या दोघांसमोर उभे राहा. माणूस तोच आहे. मग भुवया, पापण्या, ओठांचे कोपरे यांत काय काय बदललंय ते शोधा.

प्रत्यक्ष माणूस काढायला एसटी स्टँडसारखी जागा नाही. गाडी लागेपर्यंत माणसं हलत नाहीत. एका माणसाचा एकच अवयव काढा, चेहऱ्याच्या मागे लागू नका. कुणी बघितलंच तर वही पुढे करा, बहुतेक जण खूश होतात. नको म्हणाले तर पान उलटायचं.

९. रोज किती?

अर्धा तास, पण रोज. पहिला आठवडा अंडी आणि रेघा, पुढचे दोन आठवडे डोळे, मग नाक आणि ओठ यांना एकेक, कान तीन-चार दिवसांत उरकून टाका. त्यानंतर रोज एक अवयव आणि रविवारी एक पूर्ण चेहरा, पाऊण तासात जेवढा होईल तेवढा. प्रत्येक पानावर तारीख घाला. कंटाळा आला तर एकाच माणसाचं नाक सात दिवस सात बाजूंनी काढा. घरातल्याच माणसाचं, कारण ते पळून जात नाहीत.

मी सासूबाईंना पुन्हा बसवलं ते मेथीची जुडी निवडायला देऊन. हात चालू, डोकं स्थिर, चाळीस मिनिटं खात्रीची. या वेळी नाकाखालची जागा तीनदा मोजली. दाखवल्यावर त्यांनी बराच वेळ बघितलं. म्हणाल्या, "हो, ही मीच. पण इतकी म्हातारी आहे का गं मी?"

बघितलं तर नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंतच्या सुरकुत्या मी ४बीने रेघा म्हणून ओढल्या होत्या. सुरकुती ही रेघ नसते, तो गालाचा उतार असतो, एका बाजूने विरणारा. नीडेबल इरेझरचं टोक करून त्या रेघांची एक एक कड उचलली, पाच मिनिटं लागली. तेवढ्यात त्या मेथी घेऊन आत गेल्या होत्या.